‘ऑप्शनल’ स्कोअर टाकायचा की नाही? बीएस/एमडी (बारावीनंतर कॉलेज आणि मेडिकल एकत्र) आणि एमडीला (कॉलेजनंतर मेडिकल स्कूल) अप्लाय करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

ऑगस्टमध्ये कॉमन ॲप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) उघडलं की आमच्याकडे येणारा पहिला फोन बहुतेक हाच असतो, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, 1600 पैकी) 1470 आलाय, कॉलेज ऑप्शनल म्हणतंय, मग टाकू का नको? आणि उन्हाळ्यात कॉलेजातून मेडिकल स्कूलला अप्लाय करणाऱ्या मुलांचाही हाच प्रश्न असतो, फक्त परीक्षा वेगळी. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांना फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे पत्रक.

आपण आईबाबा मंडळी बारावीच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागायच्या जगात वाढलो. एक आकडा, एक लिस्ट, नाव लागलं तर लागलं. मार्क दाखवायचे की नाही असा प्रश्नच तिथे नव्हता. त्यामुळे इथे ‘ऑप्शनल’ वाचलं की मनात दोनच गोष्टी येतात, एक म्हणजे हे नुसतं म्हणायला आहे, खरं तर लागतंच, आणि दुसरी म्हणजे देऊन तर बघू दे, कमी आला तर नाही दाखवायचा. ही दुसरी जास्त नुकसान करते, कारण काही परीक्षांत स्कोअर दाखवायचा की नाही हे शेवटपर्यंत तुमच्या हातात असतं आणि काहींत तुम्ही परीक्षेला बसलात की तो निर्णय झालेलाच असतो.

एमकॅट, म्हणजे मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा, हे या दुसऱ्या प्रकारचं सगळ्यात मोठं उदाहरण. 472 ते 528 असा स्कोअर, आणि एमडीला ॲडमिशन मिळालेल्या मुलांची सरासरी अलीकडच्या वर्षांत 511-512 च्या आसपास. जवळजवळ सगळ्या एमडी स्कूल्सना ती लागतेच, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलच्या फ्लेक्समेडसारखे प्रोग्रॅम अपवाद, तिथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अप्लाय करतात आणि एमकॅट मागत नाहीत. पण एकदा दिलेली एमकॅट ॲमकॅसच्या (एमडी स्कूल्ससाठीचा एकत्रित अर्ज) अर्जात आपोआप जाते, एक नाही तर दिलेल्या सगळ्या. दिवसभराची परीक्षा संपल्यावर स्क्रीनवर स्कोअर करायचा की व्हॉइड (रद्द) करायचा असं विचारतात, त्याला 3 मिनिटं मिळतात, आणि ते ठरवताना आपला स्कोअर किती हे माहीत नसतं. व्हॉइड केली तरी तो प्रयत्न मोजला जातो (वर्षात 3, सलग दोन वर्षांत मिळून 4, आयुष्यात 7) आणि फी परत मिळत नाही. म्हणून आम्ही हात जोडून सांगतो, प्रॅक्टिस म्हणून खरी एमकॅट देऊ नका. ही परीक्षा घेणाऱ्या एएएमसी संस्थेच्या फुल-लेंथ प्रॅक्टिस परीक्षा आहेत, फुकटसुद्धा मिळते, ती घरी बसून वेळ लावून द्या आणि दोन-तीनदा हवा तो आकडा आला की मगच तारीख घ्या.

प्रीव्ह्यू ही एएएमसीचीच दुसरी परीक्षा, 75 मिनिटांची, स्कोअर 1 ते 9. यात केमिस्ट्री-बायो काही नाही, प्रसंग देतात, म्हणजे ग्रुपमधला एक जण काम करत नाहीये किंवा पेशंट चिडलाय, आणि अमुक वागणं कितपत योग्य ते ठरवायचं असतं. काही स्कूल्स ती रिक्वायर्ड म्हणतात, काही रेकमेंडेड, काही फक्त रिसर्चसाठी घेतात. हाही स्कोअर आपोआप जातो. म्हणजे इथे टाकू का हा प्रश्नच नाही, बसू का हा प्रश्न आहे. तुमच्या लिस्टमधल्या एकाही स्कूलला ती रिक्वायर्ड किंवा रेकमेंडेड नसेल तर सोडून द्या, तो वेळ सेकंडरी एसेना (स्कूल्स अर्जानंतर वेगळे मागतात ते निबंध) द्या. पण रेकमेंडेड असेल तर आमच्या मते द्यावी. रेकमेंडेडला ऑप्शनल समजू नका, त्या स्कूलला ती बघायची आहे म्हणूनच तसं लिहिलंय.

कॅस्पर ही प्रसंगांवरचीच आणखी एक परीक्षा, तिचंही थोडंफार असंच. मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत जन्मलेली परीक्षा, एका ॲडमिशन सायकलमध्ये एकदाच देता येते आणि मुलाला स्वतःला फक्त कुठल्या क्वार्टाइलमध्ये (चार भागांपैकी कुठल्या भागात) आलो तेवढंच कळतं. ती मागणाऱ्या स्कूल्स दर वर्षी बदलतात, मागच्या वर्षीची कोणाची तरी लिस्ट व्हॉट्सॲपवर फिरत असते ती वापरू नका.

आता एसएटी आणि एसीटी (तशीच दुसरी प्रवेश परीक्षा), म्हणजे बारावीनंतर थेट बीएस/एमडीला जाणाऱ्यांसाठी. इथे मात्र निवड खरंच तुमच्या हातात आहे आणि म्हणूनच घोळही इथेच सगळ्यात जास्त होतो.

पहिलं बघा की युनिव्हर्सिटीचा नियम आणि बीएस/एमडीचा नियम एकच आहे का. युनिव्हर्सिटी टेस्ट-ऑप्शनल असली तरी आतला मेडिकलचा प्रोग्रॅम स्कोअर मागू शकतो, त्याचं पान वेगळं असतं, ते उघडून वाचायचं. नियम बदलतातही. ब्राउन युनिव्हर्सिटीने मार्च 2024 मध्ये जाहीर केलं की पुढच्या सायकलपासून एसएटी किंवा एसीटी परत कम्पलसरी, म्हणजे तिथल्या आठ वर्षांच्या पीएलएमई या कॉलेज-अधिक-मेडिकल प्रोग्रॅमला जायचं असेल तर प्रश्नच मिटला. उलट कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सिस्टीम ॲडमिशनसाठी स्कोअर बघतच नाही, 1600 असला तरी नाही.

जिथे खरंच ऑप्शनल आहे तिथे कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेज आपली आकडेवारी देतं तो तक्ता) काढा, त्यात सी9 म्हणून भाग असतो. प्रवेश घेतलेल्या मुलांचा 25वा, 50वा आणि 75वा पर्सेंटाइल (25वा म्हणजे पाव मुलं ज्याच्या खाली तो स्कोअर) तिथे दिलेला असतो आणि किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही असतं, हा दुसरा आकडा कोणी बघत नाही पण तोच महत्त्वाचा. समजा निम्म्याच मुलांनी स्कोअर दिलाय, तर तो 1480 ते 1550 वगैरे जो पट्टा दिसतो तो ज्यांचे चांगले होते त्यांचाच आहे, सगळ्या वर्गाचा नाही. म्हणजे 1470 वाल्या मुलीला वाटतं आपण वर्गात सगळ्यात खाली, तसं असेलच असं नाही.

आमचा हिशोब असा: 50व्याच्या वर असेल तर टाका, 25व्याच्या खाली असेल तर नको. मधे असेल तर बघायचं की स्कोअर अर्जात काही नवीन सांगतोय का. शाळा छोटी आहे, एपी (शाळेतले कॉलेज पातळीचे विषय) कमी आहेत, पण मॅथ 780 आलंय तर टाका, त्याने ग्रेडला आधार मिळतो. आणि शाळेचा कौन्सिलर जे स्कूल प्रोफाइल (शाळेची माहिती) पाठवतो त्यात शाळेची सरासरीच भरपूर वर असेल तर मधला स्कोअर फार काही करत नाही. बीएस/एमडीसाठी आम्ही जरा कडकच असतो, सीट अगदी थोड्या आणि अर्ज करणारी मुलं सगळीच तयारीची, त्यामुळे तिथे 75व्याच्या जवळ नसेल आणि खरंच ऑप्शनल असेल तर बहुतेक वेळा नको म्हणतो.

एकाच मुलाने चार कॉलेजला टाकला आणि पाचला नाही टाकला तर त्यात काही गैर नाही, लपवाछपवी नाही. फक्त कॉमन ॲपमध्ये टेस्टिंगचा भाग सगळ्यांना एकच असतो आणि स्कोअर विचारात घ्यावा का हे बरीच कॉलेजं आपल्या स्वतःच्या प्रश्नांत वेगळं विचारतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सबमिट करायच्या आधी अर्जाची पीडीएफ उघडून डोळ्यांनी बघा की काय जातंय. रात्री साडेअकराला डेडलाइन गाठताना हेच राहून जातं.

आमच्याकडे येताना कॉलेजांची लिस्ट, सगळे स्कोअर (एकदाच दिलेला आणि आवडला नाही तोही) आणि ट्रान्सक्रिप्ट घेऊन या, आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणाच. अर्ज त्यांचा आहे, त्यांना काय वाटतं ते आम्हाला आधी त्यांच्याच तोंडून ऐकायचं असतं.