एक्सपीला पेटीत ठेवताना

चादरीची नक्षी जेकार्डसाठी (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी) काढून देणारं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपी या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तो संगणक आता कधी बंद पडेल सांगता येत नाही. अशा वेळी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराला सल्ला मिळतो: “व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका, तिथं व्हायरस लागत नाही.” व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा संगणक, एक प्रकारची पेटी. सल्ल्यातला पहिला भाग योग्य आहे, दुसरा घातक. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी थांबवला. तिच्यातली भोकं पेटीत ठेवल्याने बुजत नाहीत.

पेटी बनते कशी, हे मात्र फार सुंदर प्रकरण आहे. प्रोसेसरमध्ये अधिकाराचे स्तर असतात: शून्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तीनवर साधे प्रोग्रॅम. पाहुण्या एक्सपीला खालच्या अधिकारावर चालवायचं, तिने फक्त गाभ्याला परवानगी असलेली आज्ञा दिली की प्रोसेसरने अडवायचं आणि यजमानाने, म्हणजे पेटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्या कामाची नक्कल करून द्यायची, ही मूळ युक्ती. अशी प्रत्येक नाजूक आज्ञा अडली पाहिजे, ही अट पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडली. इंटेलचे जुने प्रोसेसर ती पाळत नसत. ‘पॉपएफ’ ही आज्ञा घ्या. तिच्यातून इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे) बंद करायला तीन क्रमांकाच्या स्तरावरून सांगितलं, तर प्रोसेसर ते करतही नाही आणि तक्रारही करत नाही. पाहुणीला वाटतं इंटरप्ट बंद झाले. यजमानाला काही कळतच नाही. म्हणून 1999 मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने अशा आज्ञा चालता चालता बदलून लिहिण्याचा मार्ग काढला. 2005 पासून इंटेलने प्रोसेसरमध्येच व्हीटी-एक्स ही सोय आणली: पाहुणीला स्वतःचा शून्य स्तर, आणि ठरलेल्या आज्ञेला ताबा आपोआप यजमानाकडे.

त्यामुळे आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स, प्रोसेसर एएमडीचा असेल तर त्याची तशीच सोय एसव्हीएम, चालू करा. व्हर्च्युअलबॉक्स या पेटी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजच्या स्वतःच्या पेटी-यंत्रणेने, हायपर-व्हीने, ही सोय आधीच अडवून धरली आहे. एक्सपी रांगत चालेल.

एक प्रोसेसर, 1 जीबी रॅम, 20 जीबी डिस्क पुरते. डिस्क जोडणारा कंट्रोलर आयडीई या जुन्या प्रकारचा निवडा. साटा हा नवा प्रकार ठेवलात तर निळ्या पडद्यावर 7बी ही चूक येते, कारण एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि गाभा सुरू झाला तरी स्वतःची सी ड्राइव्ह सापडत नाही. यूएसबी 2.0 ठेवा, 3.0 तिला कळत नाही.

नेटवर्क ‘नॉट अटॅच्ड’, म्हणजे न जोडलेलं, ठेवा. मेमरीची भिंत भक्कम असते, पण शेअर्ड फोल्डर (पेटी आणि खरा संगणक दोघांना उघडता येणारा) म्हणजे त्या भिंतीला आपणच पाडलेली खिडकी. आतल्या व्हायरसला तिथे लिहिता येतं. आत न्यायच्या फायलींसाठी फक्त वाचता येणारा एक फोल्डर, बाहेर आणायला दुसरा रिकामा.

स्नॅपशॉट, म्हणजे पेटीची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था, हा बॅकअप नव्हे. मूळ डिस्कची फाइल गेली की तोही गेला. मशीन पूर्ण बंद करून अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. खंडेनवमीला संगणकाला हार घाला, पण हार्डडिस्क त्याने टिकत नाही.

डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागणारी परवान्याची किल्ली, यूएसबी असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबीचा फिल्टर लावून आत देता येतो. प्रिंटर पोर्टचा असेल तर अडचण आहे: यूएसबीचं अडॅप्टर प्रिंटरपुरतं चालतं, डोंगल शोधतो तो पोर्टचा पत्ता ते देत नाही. सॉफ्टवेअरवाल्याकडून यूएसबी डोंगल मिळेपर्यंत जुना संगणक नेट काढून आणि हार्डडिस्कची दुसरी प्रत करून चालू ठेवा.