मागील ड्रम ब्रेकचे शू घरी बदलताना

ब्रेक शूचा (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानदार पट्ट्यांचा) संच आमच्याकडून घेऊन तो घरीच बसवणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. पकड, स्प्रिंग आणि साधी हत्यारे हाताळण्याची सवय असेल तर हे काम जमते. नेमकी मापे व नट आवळण्याचा जोर मात्र आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावा.

गाडी सपाट व कडक जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना अडण लावावी आणि जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय चाक काढू नये. हँडब्रेक सोडलेला हवा. झिजलेल्या ड्रमच्या आत काठ तयार होतो आणि त्यात शू अडकतात, म्हणून ड्रम निघत नसेल तर हातोडी मारण्यापूर्वी ॲडजस्टर (शू आणि ड्रम यांतले अंतर जुळवणारा भाग) सैल करून पाहावा. आतली भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) आरोग्यास घातक ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, त्यामुळे मास्क लावून ती ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी.

आमचा सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, शू दोन्ही चाकांचे बदलायचे असले तरी एका वेळी एकच बाजू उघडावी. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती, ॲडजस्टरचे तोंड कुठे होते आणि हँडब्रेकची तार कशी अडकवली होती, हे मोबाइलवरच्या फोटोपेक्षा न उघडलेल्या बाजूकडे पाहून अधिक स्पष्ट कळते. ती बाजू आरशातल्यासारखी उलटी दिसते, एवढे ध्यानात ठेवावे. डाव्या व उजव्या ॲडजस्टरचे आटे अनेक गाड्यांत विरुद्ध असतात. त्यांची अदलाबदल झाली तर शू आपोआप जुळण्याऐवजी ढिले होत जातात.

ड्रम बाहेर असताना कोणीही ब्रेक पेडल दाबू नये, कारण व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमकडे ढकलणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर पडू शकतात. सिलिंडरचे रबर हलकेच उचलून पाहावे. आत ब्रेक ऑइल साचलेले दिसले, तर नवे शू बसवून उपयोग नाही, आधी सिलिंडर बदलावा लागेल. ते काम, आणि त्यानंतर ब्रेकमधली हवा काढणे, आम्ही कार्यशाळेतच करून घ्यायला सांगतो. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो जास्त झिजला असल्यास ड्रमही बदलावा. नव्या लायनिंगला ग्रीस लागू देऊ नये.

ड्रम बसवल्यावर चाक हाताने फिरवताना किंचित घासल्याचा आवाज यावा, पण ते अडू नये. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, हँडब्रेक तपासावा आणि मोकळ्या जागी अगदी कमी वेगात चाचणी घ्यावी. पेडल मऊ लागले किंवा गाडी एका बाजूला ओढली गेली, तर ती रस्त्यावर न नेता आम्हाला कळवावे.