नायक रंगमंचावर येत नाही, त्याची पार्श्वभूमी

मुंबई-आग्रा रस्त्यानं शिरपूर सोडलं की पळासनेरपाशी सातपुडा अंगावर येतो. पुढे सेंधव्याचा घाट. या वाटेची राखण इंग्रजांच्या चाकरीत असलेल्या खाज्या नाईक या भिल्लाकडे होती. १८५७ मध्ये त्यानंच बंड केलं, घाटात सात लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई झाली; १८६० मध्ये तो दग्यानं मारला गेला.

त्याच्यावरच्या माझ्या नाटकाचा पहिला खर्डा एवढ्यावर उभा होता. तलवार, आरोळ्या, मरणाआधीचं लांबलचक भाषण. स्पर्धेत खपलं असतं.

मग कागद चाळू लागलो. आमचं धुळं कागद जपणारं गाव. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. पण या बंडाचं मला सापडलं ते जवळपास सगळं भिल्लांना पकडायला निघालेल्या साहेबांनी लिहिलेलं. त्यांच्या आधीच्या एका साहेबानं, आउट्रमनं, १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारली होती, ठाणं धरणगाव. म्हणजे एक भाऊ पलटणीत, दुसरा डोंगरात, असंही एखाद्या घरात झालं असेल. आंबापाणीला बायकाही धरल्या गेल्या. माझ्या वाचनात त्यांचा आकडा आला, नावं आली नाहीत.

तिथं नाटक फिरलं. दुसरा खर्डा त्या बायकांचा, आणि अहिराणीत. ‘मना धनी कथा गया?’ हे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश होतो. बहिणाबाईंचं बोलणं सोपानदेवांनी उतरवून घेतलं म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झालं. आपणही तसंच काही करतोय, असा माझा समज. एका पाड्यावर वाचून दाखवलं. एक म्हातारी हसली. म्हणाली, ही तर खालच्या लोकांची बोली. खरंच होतं. अहिराणी तापी-गिरणेच्या सपाटीची, डोंगरात पावरी आणि भिलोरी. मी पुस्तकी मराठी हटवून दुसरी परकी भाषा त्यांच्या तोंडी घातली होती.

आताच्या तिसऱ्या खर्ड्यात खाज्या दिसतच नाही. बायका पावरीत बोलतात, पाड्यावरच्याच दोघींनी ते संवाद घडवलेत. मधे एक दुभाष्या. बाई पाच मिनिटं बोलते: जळालेलं घर, हरवलेलं पोर, वाटेत सुटलेली शेळी. साहेब विचारतो, काय म्हणते? दुभाष्या सांगतो, ‘काही माहीत नाही म्हणते.’