उताणा पडलाय की आखडलाय?

टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळणाऱ्या मिरजेच्या एका पोराचा रात्री साडेअकराला फोन आला. आवाज रडवेला.

"दादा, माझा टॅरंट्युला गेला ओ. उताणा पडलाय डब्यात."

"पाय कसे आहेत? पसरलेत की मिटलेत?"

"पसरलेत. मधनंच एखादा हलतोय."

"डब्यात खायला काय टाकलंयस?"

"सकाळचा रातकिडा आहे. खाल्लाच नाही त्यानं."

"तो रातकिडा हळूच काढ. डबा हलवू नकोस. मग लाइट घालव आणि झोप जा."

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग, "झोपू म्हणताय?"

गंमत अशी की हाच पोरगा एप्रिलमध्ये मला बोलता बोलता म्हणाला होता, "चार दिवस झाले, लई शांत झालाय. पाय पोटाखाली घेऊन गप बसतो. माझी सवय झाली बहुतेक त्याला." ते ऐकून मी हातातला चहा तसाच ठेवला आणि गाडी काढून मिरज गाठली.

हा प्राणी नव्यानं पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं इथं नेमकं उलटं होतं. त्यात त्यांची चूक नाही. आपण लहानपणापासून पाहिलेलं झुरळ उताणं म्हणजे मेलेलं, मासा उताणा म्हणजे मेलेला. त्यामुळं आठ पाय वर केलेला कोळी दिसला की छातीत धस्स होतं, आणि पायांवर बसलेला कोळी दिसला की 'बसलाय निवांत' असं वाटतं. टॅरंट्युलाच्या बाबतीत उताणा पडलेला बहुतेक वेळा कात टाकत असतो. पोट खाली आणि पाय अंगाखाली आवळून बसलेला, म्हणजे आखडलेला असतो, तो मरायला टेकलेला असतो.

असं का, हे एकदा कळलं की पुन्हा गल्लत होत नाही. आपल्या हाताला वाकवणारे स्नायू वेगळे आणि सरळ करणारे वेगळे. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात. पाय वाकवायला स्नायू, पण ताणायला अंगातल्या द्रवाचा दाब. उसाची ट्रॉली जॅकनं उचलताना पाहिली असेल, तसंच. तेल आहे तोवर ट्रॉली वर, तेल गळलं की खाली. कोळ्याच्या अंगातलं पाणी आटलं की दाब कमी होतो, वाकवणारे स्नायू तेवढे ओढत राहतात आणि पाय मुठीसारखे आत मिटतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर वाळलेले कोळी सापडतात ना, सगळ्यांचे पाय मिटलेले असतात. पसरून वाळलेला सहसा दिसत नाही. 2022 साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी तर मेलेल्या वुल्फ स्पायडरच्या अंगात सुईनं हवा भरून त्याच्या पायांचा चिमटा करून दाखवला. हवा भरली की पाय उघडतात, ओढून घेतली की मिटतात. ऐकायला किळसवाणं आहे, पण कोळ्याच्या पायाचं गणित इतकं सोपं करून कुणी सांगितलं नसेल.

कात टाकताना बरोबर याच्या उलट चाललेलं असतं. तेव्हा तो पोटातला द्रव पुढच्या भागात रेटतो आणि त्या जोरानं पाठीवरचं जुनं कवच डब्याच्या झाकणासारखं उघडतं. म्हणजे एका अवस्थेत दाब भरपूर आणि दुसऱ्यात दाब गेलेला. लांबून दोन्हीकडं दिसतो तो न हलणारा कोळीच.

आता कात. बत्तीस शिराळा ज्या जिल्ह्यात आहे तिथं कात म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, पण सापाची कात आणि कोळ्याची कात यात फरक आहे. साप वरची कातडी मोज्यासारखी काढून पुढं जातो. कोळी मात्र सुळे, फुप्फुसांचं अस्तर, अन्नरस ओढून घेणाऱ्या जठराचं अस्तर, सगळं त्या एका खेपेत बदलतो. आठ पाय आणि तोंडाजवळचे दोन छोटे हात ओल्या घट्ट जीन्समधून ओढून काढल्यासारखे काढतो. लहान पिल्लू हे काही मिनिटांत उरकतं, मोठ्याला कित्येक तास लागतात.

माझी टॅरंट्युला, ठकी, आता अकरा वर्षांची आहे. जात कर्ली हेअर, मूळ मध्य अमेरिकेतली. तिनं माझ्यासमोर पहिल्यांदा कात टाकली तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं. आई म्हणाली, "मेलं की रे ते, टाक जा परसात." मी तिला वाचवायला निघालो. रंगकामाचा ब्रश घेतला आणि हलकेच पलटून पायांवर उभी केली. कवच नुकतं सुटलेलं, आतलं अंग लोण्यासारखं मऊ. ती तशीच अर्धवट कात घेऊन तडफडली. शेवटी बाहेर आली, पण डावीकडचा तिसरा पाय वाकडाच राहिला आणि वर्षभर ती तो ओढत चालली. पुढच्या कातीत तो सुधारला. कोळ्याचा तुटलेला पायसुद्धा एकदोन कातींत परत येतो, हे मला तेव्हा समजलं. त्या वर्षभरात मी तो पाय रोज पाहत होतो.

पण खरं तर उताणं पडेपर्यंत थांबायची गरजच नसते, आधीच महिनाभर चिन्हं दिसतात. खाणं बंद होतं. कातीआधी मोठ्या टॅरंट्युलानं काही महिने तोंड फिरवलं तरी त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोट टप्पोर होतं, चकाकतं. ज्यांच्या पोटावर केस झडून टक्कल पडलेलं असतं, त्यांचं ते टक्कल गुलाबीसर असतं ते काळं पडत जातं, कारण खालची नवी कातडी आणि नवे केस दिसू लागतात. मग एक दिवस तो जमिनीवर रेशमाची दाट चटई विणतो. ही चटई दिसली की डब्याला हात लावायचा नाही. त्याच चटईवर तो उताणा होतो.

आखडलेल्याच्या पोटाकडं पाहा. तासगावला गेलेल्या माणसाला मी एवढंच सांगतो: कातीआधीचं पोट म्हणजे तोडणीला आलेला द्राक्षमणी, आणि आखडलेल्याचं पोट म्हणजे बेदाणा. सुरकुत्या, चिंबलेलं, लहान झालेलं. चटई नाही. पाय अंगाखाली मिटलेले, नखं आत वळलेली. ब्रशनं पायाला हलकेच शिवलं तर पाय उचलायला जातो पण उचलत नाही.

मिरजेच्या त्या पोराकडं एप्रिलमध्ये हेच दिसलं. पत्र्याच्या खोलीत डबा, बाहेर ऊन चाळीसच्या घरात. पाण्याची वाटी होती, पण त्यानं ती नारळाच्या भुशात, म्हणजे कोकोपीटमध्ये, अशी रुतवली होती की कोकोपीट काठावरून आत पडलं होतं आणि वातीसारखं पाणी शोषून घेत होतं. वरून वाटी भरलेली वाटे, बोट लावलं तर चिखल. आम्ही दह्याच्या डब्याच्या झाकणात पाणी घेतलं आणि कोळ्याचं तोंड पाण्याला टेकेल असा त्याला अलगद ठेवला. पोट बाहेर कोरड्यात, कारण टॅरंट्युलाची फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. तोंड बुडालं तर चालतं, पोट बुडालं तर गुदमरतो. तीन तास काही नाही. मग पुढचे दोन पाय किंचित उघडले. सकाळी तो उभा होता.

प्रत्येक वेळी असं होत नाही. वय झालेला नर आखडला तर त्याला पाणी पाजून काही होत नाही. नराची शेवटची कात झाली की तो मादी शोधायला निघतो आणि बहुधा काही महिन्यांतच संपतो. त्याच्या पुढच्या पायांवर आकडे आणि तोंडाजवळच्या हातांच्या टोकाला फुगीर गोळे दिसले तर समजायचं, याची वेळ झालीय. मादी मात्र काही जातींत वीस वर्षांच्याही पुढं जगते.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. फुकटचं खाणं म्हणून लोक बांधावरचे नाकतोडे धरून कोळ्याला घालतात. द्राक्षपट्ट्यात हे करू नका. छाटणीपासून तोडणीपर्यंत बागेत फवारण्या किती होतात ते आपल्याला माहीत आहे. औषध लागलेला नाकतोडा खाऊन कोळी थरथरतो, पाय वेडेवाकडे टाकतो, तोल जातो, मग आखडतो. त्यावर पाण्याचा उतारा नाही. घरातला झुरळांचा स्प्रे, डासांची अगरबत्तीही त्याच खोलीत नको. रातकिडे किंवा खाद्याची झुरळं घरी वाढवलेलीच बरी.

या दोन अवस्थांच्या मधे एक तिसरी आहे आणि ती नव्या लोकांना फार छळते. नवीन डब्यात आणलेला किंवा घाबरलेला कोळी पाय वर घेऊन, गुडघे तोंडापुढं आणून एका कोपऱ्यात बसतो. थंडीत गारठलेल्या म्हाताऱ्यासारखा. हे आखडणं नव्हे. त्याचे गुडघे शरीराच्या वर असतात आणि पायांची टोकं बाहेरच्या बाजूला जमिनीवर टेकलेली. पोटही भरलेलं दिसतं. त्याला दोन दिवस एकटं सोडायचं, एवढंच.

कातीच्या वेळी न करण्याच्या गोष्टींची यादी मोठी आहे, पण मी रातकिड्यावरच अडून बसतो. उताणा पडलेला कोळी स्वतःला वाचवू शकत नाही, आणि भुकेला रातकिडा त्याची मऊ कातडी कुरतडतो. असे मेलेले कोळी मी पाहिलेत. पाणी फवारायचं नाही, फुंकर घालायची नाही, मोबाईलचा टॉर्च मारायचा नाही. कात टाकून झाल्यावरही घाई नको. सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे होईपर्यंत त्याला शिकार चावता येत नाही, मोठ्याला त्यासाठी दोन आठवडे द्यावेत. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून. कातीआधी ज्याला पाणी पुरेसं मिळालं नाही तो कातीत अडकू शकतो, म्हणजे शेवटी दोन्हीकडं प्रश्न त्या वाटीचाच.

एक गोष्ट राहिली. झाडाच्या ढोलीतले, रानातले टॅरंट्युला धरून आणू नका. ढोलीतल्या पोएसिलोथेरिया या टॅरंट्युलाचा चावा चांगलाच दुखतो आणि स्नायूंत पेटके आणतो, पण मुद्दा तो नाही. ही सगळी प्रजाती 2019 पासून सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. आणि 2022 साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून त्या यादीतला जिवंत परदेशी प्राणी जवळ असेल तर त्याची नोंद करावी लागते. ठकीची केलेली आहे. विकणारा 'काही लागत नाही ओ' म्हणाला, तर दुसरा विकणारा बघा.

तर ते पोर त्या रात्री झोपलं की नाही माहीत नाही. सकाळी सहाला फोटो आला. डब्यात एका बाजूला काळाभोर, नव्या केसांचा, जरा लुकडा झालेला कोळी. शेजारी आठ पायांचं दुसरं काहीतरी, पाठीवर झाकण उघडलेलं. मी त्याला सांगितलं, कात फेकू नकोस. दोन दिवसांनी चिमट्यानं काढ, साबणाच्या पाण्यात मऊ कर, पोटाच्या आतल्या बाजूला चार पांढरे ठिपके दिसतील, ती फुप्फुसांची अस्तरं. वरच्या दोन ठिपक्यांच्या मधे छोटी पाकळी असली तर मादी.

तिसऱ्या दिवशी मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून काढलेला धूसर फोटो आला. पाकळी होती. खाली त्यानं लिहिलं होतं, "दादा, मादी आहे. आई विचारतेय, वीस वर्षं जगणार म्हणजे हुंड्यात द्यायची का हिला?"