विडीच्या बंडलावरचे चित्र

निपाणीच्या जुन्या गल्ल्यांमधून दुपारी फिरले तर उंबरठ्याजवळ बसून विड्या वळणाऱ्या बायका आजही दिसतात. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात मऊ करून मापाने कातरलेली तेंदूची पाने आणि बाजूला तंबाखूचा ढीग. पानात चिमूटभर तंबाखू जाते, बोटे वळतात, दोरा बसतो आणि हात लगेच पुढच्या पानाकडे जातो. पुढे या विड्यांची बंडले होतात आणि त्यांच्या वेष्टनावर कर्करोगाचे चित्र छापले जाते. ते चित्र तिथे येऊ नये, आले तरी लहान यावे, यासाठी किती शक्ती खर्ची पडली हे या भागातील मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

या खटपटीची पद्धत जुनी आहे. १९५० साली ब्रिटन आणि अमेरिकेतील अभ्यासांनी धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवल्यानंतर, डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात जमले आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेची मदत घेतली. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचे निवेदन झळकले. त्यात संशोधन नाकारलेले नव्हते. पुरावा अजून निर्णायक नाही आणि आम्ही स्वतःच संशोधनाला पैसा देऊ, एवढेच आश्वासन होते. १९६९ मधील एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर शंका हेच आपले उत्पादन असल्याचे सरळ लिहिलेले आढळते.

शंकेला एवढे बळ का मिळते, याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. पहिली विडी आणि गाठ यांच्यामध्ये वीस-तीस वर्षे जातात. प्रत्येक ओढणाऱ्याला कर्करोग होत नाही, आणि न ओढणाऱ्यालाही तो कधी कधी होतो. त्यामुळे शास्त्रज्ञ शक्यतेच्या भाषेत बोलतो, तर गावात नव्वदीपर्यंत विडी ओढलेला एखादा आजोबा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. त्यात १९७७ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की एखादे विधान केवळ पुन्हा पुन्हा कानावर पडल्यानेही माणसाला अधिक खरे वाटू लागते, मग ते खोटे का असेना.

आपल्याकडे हेच वेगळ्या वेशात घडले. वेष्टनाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापावा, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०१४ मध्ये काढली आणि १ एप्रिल २०१५ पासून ती लागू व्हायची होती. ऐन वेळी संसदेच्या एका समितीने ती थांबवण्याची शिफारस केली. तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यासच नाही, असे समितीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले. समितीतील एक खासदार स्वतः विडी उद्योजक होते. वास्तविक, देशभरातील अकरा लाख घरांच्या पाहणीवर आधारलेला भारतीय अभ्यास २००८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि स्त्रियांचे आठ वर्षांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुरावा कपाटात होता, पण चर्चेच्या टेबलावर शंका पोहोचली होती.

दुसरे हत्यार मला अधिक अस्वस्थ करते. निर्बंधांचा विषय निघाला की मालकांचा नफा मागे राहतो आणि त्या सुपापुढे बसलेल्या बाईचा संसार पुढे केला जातो. तिच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. दुसरे काम मिळाल्याशिवाय तिला हे सोडता येणार नाही, आणि त्याची जबाबदारी सरकारने घेतलीच पाहिजे. पण तंबाखूची धूळ दिवसभर तिच्याच श्वासात जाते; म्हणून तिच्या नावाने मागितली जाणारी सवलत तिच्या घरापर्यंत किती पोहोचते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

ऊसपट्ट्यातील आपल्याला साखरेचेही एक उदाहरण जवळचे वाटेल. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या पैशातून हार्वर्डच्या संशोधकांनी लिहिलेला आढावा १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने हृदयरोगाचा दोष साखरेवरून चरबीकडे वळवला, आणि हा आर्थिक संबंध २०१६ मध्ये जुन्या कागदपत्रांतून उजेडात आला.

८५ टक्क्यांचा इशारा अखेर १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून निपाणीच्या पानपट्टीवर ते चित्र कायम राहिले.