हायड्रोजनची २१ सेंटिमीटर रेषा

उदासीन (विद्युत् भार नसलेल्या) हायड्रोजन अणूतून बाहेर पडणाऱ्या, सुमारे २१ सेंमी. तरंगलांबीच्या व १,४२० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या रेडिओ प्रारणाला ही संज्ञा आहे. अणूतील प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे परिवलन एकाच दिशेचे असेल, तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनचे परिवलन उलटले की ती जादा ऊर्जा या लहरीच्या रूपाने बाहेर पडते. एकट्या अणूत हे आपोआप घडायला सरासरी १ कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो, पण आंतरतारकीय मेघांत अणूच इतके असतात की प्रारण अखंड मिळत राहते. या रेषेचे भाकीत डच खगोलशास्त्रज्ञ व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले. १९५१ मध्ये ती प्रत्यक्ष टिपली गेली.

विश्वोत्पत्तीच्या अभ्यासात तिला वेगळेच महत्त्व आहे. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पुरेसे निवून उदासीन हायड्रोजन तयार झाला, आणि तेव्हा मोकळा झालेला प्रकाश आज २.७ केल्विन तापमानाचे पार्श्वप्रारण म्हणून सर्व दिशांनी येतो. १९६५ मध्ये या प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर विश्वाला आरंभ नाही असे मानणारा स्थिर स्थिती सिद्धांत मागे पडला. उदासीन हायड्रोजन तयार झाल्यानंतर पहिले तारे पेटेपर्यंतच्या अंधारयुगात प्रकाशाचा स्रोतच नव्हता, त्या काळाची थेट खबर मिळेल ती प्रामुख्याने हायड्रोजनच्या या रेषेतूनच.

विश्व प्रसरण पावत असल्याने लहर वाटेत ताणली जाते. पहिल्या ताऱ्यांच्या व दीर्घिकांच्या काळातून निघालेली २१ सेंमी.ची लहर आपल्यापर्यंत पोहोचेतो सुमारे २ मीटर लांबीची होते. मीटरभर लांबीच्या अशा लहरींसाठीच गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) उभारण्यात आला. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात दाटीने असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किमी.पर्यंत पसरल्या आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नाही. तिचा पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी तारेच्या जाळीचा असून जाळीची भोके १० ते २० मिमी. आहेत. एवढी भोके लांब लहरींना जाणवतही नाहीत, वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यात राहिला. डोंगरांच्या आडोशामुळे शहरी रेडिओ गोंगाटही कमी पोहोचतो.

तरीही काम कठीण आहे, कारण आपल्याच आकाशगंगेचे रेडिओ प्रारण या संकेताच्या हजारो पट तीव्र असते. पहिल्या ताऱ्यांच्या काळातील संकेताच्या तीव्रतेवर जीएमआरटीने आजवर वरच्या मर्यादा घातल्या आहेत. निर्विवाद नोंद झालेली नाही. त्याहून अलीकडच्या काळाबाबत यश मिळाले: २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या निरीक्षणात, मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगामुळे (तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रारण भिंगासारखे वळून) उजळलेल्या एका दूरस्थ दीर्घिकेतील हीच रेषा ताणली जाऊन सुमारे ४८ सेंमी.वर आढळली. ती लहर निघाली तेव्हा विश्वाचे वय ५०० कोटी वर्षांच्या आसपास होते.