कृपा सर्वांसाठी, की तारण सर्वांचं?

‘ख्रिस्त सर्वांसाठी मेला’ असं मानणारा आणि ‘शेवटी सर्वांचं तारण होईल’, म्हणजे सगळे पापातून सुटून देवाजवळ पोहोचतील, असं मानणारा, या दोघांना आपण सर्रास एकाच पंगतीत बसवतो. चर्चमध्ये वाढलेलेही बसवतात. पण यातलं पहिलं मत कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मेथडिस्ट अशा मोठमोठ्या मंडळ्यांची शिकवण आहे. दुसऱ्याला बराच काळ पाखंड म्हटलं गेलं.

पहिलं मत समजून घ्यायला मत्तयच्या शुभवर्तमानातला लग्नाच्या मेजवानीचा दाखला पुरतो. राजा आवतण धाडतो, पण एक जण शेतावर निघून जातो, दुसरा व्यापाराला. आवतण खरं आणि नकारही खरा. हीच गोष्ट ८५३ साली फ्रान्समधल्या किएर्झीच्या धर्मसभेने नेमक्या शब्दांत मांडली. गॉट्शाल्क नावाचा संन्यासी शिकवत होता की देवाने काहींना जीवनासाठी, काहींना नाशासाठी आधीच नेमलंय आणि ख्रिस्त मेला तो फक्त निवडलेल्यांसाठी. त्याबद्दल त्याला फटके मारले, ओव्हिलेरच्या मठात कोंडलं. तो तिथेच मेला. (कृपेवरचे वाद नेहमी कृपेनेच चालले असं नाही.) सभेने ठरवलं की ज्याच्यासाठी ख्रिस्ताने दुःख सोसलं नाही असा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. पण सगळे तरतात असंही नाही, हेही तिने तिथेच नोंदवलं.

दुसऱ्या मताचे जुने पुरस्कर्ते म्हणजे तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा धर्मपंडित ओरिजेन आणि चौथ्या शतकातला निस्साचा बिशप ग्रेगरी. हे लोक नरक नाकारत नाहीत. ग्रेगरीच्या लेखी तो सोन्यातला मळ जाळणारा अग्नी आहे. जळायला वेळ लागेल, यातना होतील, पण शेवटी देव ‘सर्वांत सर्व’ होईल, या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातल्या वचनावर त्यांची सगळी भिस्त. विश्वासाची गरजही ते काढून टाकत नाहीत. प्रत्येक जण कधी ना कधी, अगदी मेल्यानंतरही, देवाकडे वळेल असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ‘सगळे धर्म सारखेच’ या विचाराशी त्यांची गाठ मारू नये, ते प्रकरण अगदी निराळं. ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ओरिजेनचं नाव पाखंड्यांच्या यादीत घातलं. ग्रेगरी मात्र आजही संत आहे!

या दोन मतांची सरमिसळ भल्याभल्यांनी केली. १७३९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट पंथाच्या जनकाने, जॉन वेस्लीने, चिठ्ठ्या टाकून कौल घेतला आणि कृपा सर्वांसाठी मोकळी आहे, असं प्रवचन देऊन ते छापलंही. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड धर्मसुधारक कॅल्विनच्या मताचा, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय असं मानणारा. त्याने १७४०च्या नाताळच्या आदल्या दिवशी जॉर्जियातून लांबलचक उत्तर लिहिलं. त्यातला एक सवाल बिनतोड वाटतो: सगळे शेवटी तरणार नसतील, तर सगळ्यांच्या सुटकेची किंमत ख्रिस्ताने भरली असं कसं म्हणायचं? म्हणजे वेस्लीने एक तर माघार घ्यावी, नाही तर नरक रिकामा होतो हे कबूल करावं.

वेस्लीने दोन्ही केलं नाही. त्याच्या मते कृपा प्रत्येकाला आधी गाठते, होकार देण्याचं बळ तीच देते, पण होकार वदवून घेत नाही. खरी मेख इथे आहे. नीट पाहिलं तर व्हाइटफील्ड आणि ओरिजेन यांचं एका बाबतीत जमतं: देवाने तारायचं ठरवलं की ते अडत नाही. फरक एवढाच, की देवाने किती जणांचं ठरवलं. माणसाचा नकार शेवटपर्यंत टिकू शकतो असं म्हणणारा वेस्ली या दोघांपासून सारखाच दूर आहे. म्हणून कोणाचं मत कोणतं हे ओळखायचं तर ‘सर्व’ हा शब्द शोधू नका. नकाराचं शेवटी काय होतं ते विचारा.

मराठी मुलखात दोन्ही घराणी पोहोचली. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी कॅल्विनच्या परंपरेतले, १८७१ मध्ये आलेला विल्यम टेलर वेस्लीच्या. सगळे आपोआप तरतील, हे मात्र दोघांच्याही शिकवणीत नव्हतं.

‘कृपा सर्वांसाठी’ आणि ‘तारण सर्वांचं’ या दोन मतांच्या मधे आशेलाही जागा आहे. स्विस धर्मपंडित कार्ल बार्टने विसाव्या शतकात लिहिलं की ख्रिस्तात देवाने माणसाला निवडलंय. मग सर्वांचं तारण तू शिकवतोस ना, म्हणून त्याला घेरलं गेलं. तसा सिद्धांत मांडायला तो तयार नव्हता, पण तशी आशा धरायला त्याची ना नव्हती. कॅथलिक घरांत रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, दर दहा मण्यांच्या प्रार्थनांनंतर सर्व आत्म्यांना स्वर्गात ने अशी विनवणी होते. ती म्हणणाऱ्याला कोणी पाखंडी ठरवत नाही, कारण ती मागणी आहे. सर्वांना नेलंच जाईल, असा दावा त्यात नाही.